खुराकीची मर्यादा

लतीफभाईंना एकतर्फी खेळ बघवत नसे. मी पनवेलला हायस्कुलात गणित शिकवायला आलो त्याच वर्षी हे मला कळलं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. शाळेच्या संमेलनात कुणीतरी शिक्षकांची आणि मामलेदार कचेरीतल्या शिपायांची रस्सीखेच ठेवली होती. समोर सगळे आडदांड गडी, आणि आमच्याकडे संस्कृतचे शास्त्रीबुवा, चित्रकलेचे मास्तर आणि मी. शिट्टी होताच आम्ही फरपटत निघालो. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक उंच, पोट सुटलेला गृहस्थ धावत आला. डोक्यावरची लाल तुर्की टोपी त्याने कुणाच्या तरी मांडीवर फेकली, आमच्या दोराचं शेवटचं टोक कमरेला गुंडाळलं आणि टाचा रोवून मागे रेलला. आम्ही हरलोच, पण जरा वेळ लागला. सगळे एकमेकांवर कोसळलो तेव्हा धुळीत बसलेला तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "आता कसा खेळ झाला! मघाशी काय चाललं होतं ते? बकरं ओढत होते."

ते लतीफभाई. बाजाराच्या तोंडाशी त्यांचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक गॅसचं यंत्र, गोळीच्या बाटल्यांच्या पेट्या, एक हातगाडी आणि दोन नोकर. समोरच्याच माडीवर मला खोली मिळाली, आणि पुढची काही वर्षं माझी संध्याकाळ त्यांच्या दुकानाच्या बाकड्यावर जाऊ लागली.

तिथे कॅरम चाले. लतीफभाई चांगलं खेळत, पण समोरचा मागे पडू लागला की ते उठत आणि म्हणत, "चला, जागा बदलू." आपण जमवलेला डाव त्याला देत आणि त्याचा बिघडलेला आपण घेत. बाजारात भांडण लागलं की ज्याचा आवाज बारीक त्याच्या बाजूला हे जाऊन उभे. मग चूक कुणाची का असेना. एकदा जमाव एका पाकीटमाराला बडवत होता. लतीफभाई मध्ये घुसले, त्याला पाठीशी घालून दोन ठोसे स्वतः खाल्ले, आणि मग कळलं की मारलेलं पाकीट त्यांचंच होतं. घरी गेल्यावर फातिमाभाभींनी गालाला हळद लावता लावता मला सांगितलं, "मास्तर, यांना जिंकणाऱ्याचं वावडं आहे. आमच्या निकाहातसुद्धा हे माझ्या माहेरच्यांच्या पंगतीत जाऊन बसले होते. का, तर म्हणे तिकडची माणसं कमी आली."

हसण्यासारख्या या गोष्टी. पण याच माणसाच्या हातात आमच्या भागातला हुतूतू होता.

भाताची कापणी उरकली, की पनवेलच्या तळ्याजवळच्या मैदानावर आसपासच्या आठ संघांचे साखळी सामने चालत. जासई, रोडपाली, खाडीकाठची आणखी काही गावं आणि आमच्या गावातला बंदर संघ. खेळणारे बहुतेक मिठागरातले आणि शेतावरचे आगरी गडी. पंच लतीफभाई. ते कुठल्याच गावचे, कुठल्याच भावकीचे नव्हते, त्यामुळे त्यांचा निकाल सगळ्यांना चाले. दुपारी चुन्याची बादली घेऊन ते स्वतः रेषा आखत. दोन आण्यांचं तिकीट असे आणि जमलेले पैसे संघांत वाटले जात. मी गुण लिहायला बसे. गड्यांना खुराकी मिळे: दूध, अंडी, थोडे रोख पैसे. तेवढ्यावर पोरं जीव टाकून खेळत.

मग बंदर संघावर नानूशेठचा हात आला. नानूशेठची भाताची गिरणी होती, दोन मिठागरं होती आणि हौस दांडगी. त्यांनी जासईचा सगळ्यात चांगला चढाई करणारा काशिनाथ महिना पंचवीस रुपयांवर आणला. मग कुणाचा पकडीतला गडी, कुणाचा कोपऱ्यातला, असं करत दोन हंगामांत आठ गावांतलं लोणी एका हंडीत गोळा झालं. बंदर संघ जिंकू लागला, आणि त्याला हरवणं कुणाच्या स्वप्नातही येईना.

मला तो रोडपालीबरोबरचा सामना आठवतो. रोडपालीचे दोन चांगले गडी नानूशेठनी उचललेले. उरलेल्यांत एक पन्नाशीचा म्हातारा आणि एकाच्या बोटाला चिंधी. त्यांचा कप्तान धर्मा बुटका आणि रुंद होता, तोंडावर देवीचे वण. पहिल्या डावात त्यांच्या अंगावर लोणावर लोण चढत गेलं. लोक आधी हसले, मग उठून जायला लागले. धर्मा दर वेळी बाद होऊन बाहेर येई आणि मातीकडे बघत बसे. मध्यंतर झालं तसे लतीफभाई मैदानाच्या मधोमध आले आणि त्यांनी लांब शिट्टी मारली.

"सामना संपला."

नानूशेठ खुर्चीतून उठले. "लतीफभाई, अजून दुसरा डाव आहे. हे कुठल्या नियमात बसतं?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

"मला बघवत नाही, शेठ. बराबरीचा असेल तर खेळ, नाहीतर शिकार. शिकारीला मी शिट्टी वाजवत नाही."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आठही संघांचे कारभारी दुकानात बोलावले गेले. बाकडी पुरेनात म्हणून बाटल्यांच्या पेट्या उपड्या घालून लोक बसले. लतीफभाईंनी आपला नियम सांगितला. कुठल्याही संघाने आपल्या सगळ्या गड्यांना मिळून ठरावीक रकमेच्या वर खुराकी द्यायची नाही. शेठ असो की गाव, सगळ्यांना आकडा एकच. आणि बाहेरगावचे दोनच गडी घ्यायचे. जो मोडेल तो त्या हंगामापुरता बाहेर.

धर्माने ताबडतोब हात वर केला. बाकीचेही तयार झाले. सगळ्यांचं लक्ष नानूशेठकडे. त्यांनी सोड्याची बाटली तोंडाला लावली, सावकाश संपवली आणि हसून म्हणाले, "मलाही हुकमी जिंकून कंटाळा आलाय. होऊ द्या."

तेव्हा मला त्यांच्या दिलदारपणाचं कौतुक वाटलं. पुढे लक्षात आलं की त्या सकाळी शेठचा खर्च निम्म्याहून कमी झाला होता.

पण त्या नियमाने खेळ जिवंत केला, हेही खरं. गडी आपापल्या गावी परतले. नानूशेठनी काशिनाथला तेवढा ठेवून घेतला. पुढच्या हंगामात कोण कुणाला हरवील याचा नेम राहिला नाही. लोक बैलगाड्या जुंपून यायचे, झाडांवर चढून बसायचे. रोडपालीने बंदर संघाला एका गुणाने हरवलं त्या दिवशी धर्माने लतीफभाईंना खांद्यावर उचलण्याचा प्रयत्न केला. ते काही त्याला झेपलं नाही आणि दोघेही चुन्याच्या रेषेवर पडले. लतीफभाईंच्या पांढऱ्या दाढीला चुना लागला होता. इतकं सुखी माणसाचं तोंड मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

त्यानंतर आठवड्याभराने काशिनाथ दुकानात आला.

काशिनाथबद्दल सांगायला हवं. सडपातळ, काळा, लांब पायांचा पोरगा. चढाईला निघाला की त्याची कुडी हलकी होऊन जाई. समोरच्याच्या अंगाला नुसतं बोट लावून तो असा परत यायचा, की त्या गड्यालाही आपण बाद झाल्याचं दुसऱ्याने सांगावं लागे. मैदानाबाहेर मात्र तो बुजरा होता. त्या दिवशी तो उभाच राहिला. लतीफभाईंनी बाटली फोडून पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

"चाचा, मना शेठ आता आठ रुपये देतो."

"माहीत आहे. मर्यादेत तेवढेच बसतात."

"पयले पंचवीस द्याचा."

"काशा, तो पंचवीस देत होता म्हणून रोडपालीचा खेळ मेला होता. तूच सांग, तुला मजा येत होती?"

"मजा नवती येत," काशिनाथ म्हणाला. मग खाली बघत, "पन घरात भात शिजत होता."

लतीफभाईंनी पुढे केलेली बाटली मागे घेतली.

"मना एक समजव चाचा. शेठच्या गिरनीला मर्यादा हाय का? मिठाच्या भावाला हाय? तुमच्या सोड्याला हाय? मग माज्याच टांगेला कशाला? ती आजून पाच-सात वर्सं चालंल. मग मना कोन इचारनार हाय?"

"सगळे संघ बराबर राहावेत म्हणून, काशा."

"संघ झालं बराबर. माजे सतरा रुपये कोनाकडं गेले? रोडपालीला तर नाय गेले. ते शेठकडंच र्‍हायले."

तो निघून गेला. लतीफभाईंनी ती फोडलेली बाटली हातात धरली होती. तिच्यातला गॅस निघून जाईपर्यंत ते तसेच बसून होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, की व्यापक हिताचा प्रश्न आहे, एखाद्याचं नुकसान होणारच. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी वाक्य पुरं केलं नाही.

मग नानूशेठनी वाट काढली. खुराकी आठ रुपये, पण काशिनाथला गिरणीत नोकरी. पगार वेगळा. नोकरी म्हणजे खुराकी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. धर्मा तक्रार घेऊन आला. "चाचा, ही पळवाट हाय. यो नावाला नोकर, कामाला हात लावाचा नाय. उद्या शेठ सगळा संघ गिरनीत भरंल."

लतीफभाई म्हणाले, "खरंच काम करत असेल तर ती मजुरी. नुसता बसून खात असेल तर खुराकी. मी बघून येतो." आणि मला म्हणाले, "चला मास्तर. साक्षीला दुसरा माणूस असावा."

आम्ही आगाऊ न कळवता गेलो. गिरणीत कोंड्याचा धुरळा उडत होता, कानठळ्या बसत होत्या. नानूशेठ गादीवर होते. आम्हाला बघताच त्यांनी ओळखलं. "बघा ना, खुशाल बघा. लतीफभाईंचा नियम मी मोडीन होय?"

काशिनाथ पोती वाहत होता. गाडीवरून भाताचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चढून आत टाकायचं, परत यायचं. लतीफभाई कधीतरी बघायला येणार हे शेठला ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याला बसून राहायचं काम दिलंच नव्हतं. इतर हमालांइतकंच, किंबहुना जरा जास्तच. काशिनाथने आम्हाला पाहिलं, पण तो थांबला नाही. खांद्याची कातडी सोलवटून लाल झाली होती आणि त्यावर कोंडा चिकटला होता. फळीवर चढताना त्याचे ते लांब पाय थरथरत होते.

"झालं समाधान?" शेठनी विचारलं.

"काम तर करतोय," लतीफभाई म्हणाले.

परत येताना ते माझ्यापुढे झपाझप चालत राहिले. दुकानापाशी आल्यावर म्हणाले, "नियम पाळला गेला, मास्तर." मी हो म्हणालो. ते पुन्हा म्हणाले, "पाळला गेला ना?" आणि आत गेले.

त्यानंतर काशिनाथ दिवसभर पोती वाही आणि दुपार कलली की गिरणीतून थेट मैदानावर येई. शेठला सामना जिंकायचा असे, म्हणून ते तासभर आधी सोडत, एवढंच. त्याच्या चढाईतला हलकेपणा गेला. पण नुसत्या जिद्दीवर तो गुण आणायचा. लतीफभाई त्याच्याकडे बघणं टाळू पाहत. पंचाला ते जमत नाही. सामना सुरू झाला की त्यांची नजर त्याच्या पायांवर खिळलेली असे, आणि ओठ हलत असत. ते काय पुटपुटत हे मी कधी विचारलं नाही.

त्या हंगामातला रोडपालीविरुद्धचा दुसरा सामना. ऊन उतरलं होतं. काशिनाथ चढाईला आला, दम घुमवत कोपऱ्यापर्यंत शिरला, एकाला स्पर्श करून वळला. नेहमी तो त्या वळणातच निसटायचा. त्या दिवशी उजवा पाय मागे राहिला. धर्माने तो घोट्याशी धरला. पकड स्वच्छ होती, नियमाला धरून होती, मी अगदी समोर बसलो होतो. काशिनाथने मध्यरेषेकडे झेप घेतली, अंग पुढे गेलं, पाय गेला नाही. गुडघ्यातून आवाज आला. ओल्या बांबूची कांब मोडावी तसा. दम सुटला आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून धर्माने हात असे झटकले, जणू विस्तव धरला होता.

लतीफभाईंनी शिट्टी वाजवलीच नाही. ते पळत हाकेच्या अंतरावरच्या दुकानाकडे गेले, हातगाडीवरच्या पेट्या ढकलून दिल्या. बाटल्या फुटल्याचा आवाज मैदानावर ऐकू आला. काशिनाथला गाडीवर घातलं आणि दांडे त्यांनी स्वतः धरले. साठीला टेकलेला तो जाडजूड माणूस गाडी ओढत दवाखान्याकडे धावत होता, मागून धर्मा आणि मी ढकलत होतो. वाटेत काशिनाथ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. "चाचा, रेघेला हात लागला का? माजा हात लागला का?"

"लागला," लतीफभाई म्हणाले. "लागला बेटा."

हात लागला नव्हता. त्या माणसाने पंच म्हणून दिलेला एवढा एकच खोटा निकाल मला माहीत आहे.

डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. दोन महिन्यांनी काशिनाथ परत आला तो काठी घेऊन. गुडघा वाकेना. मिठागराच्या चिखलात उभं राहणं संपलं, पोत्यांचं तर नावच नको. नानूशेठनी त्याला महिन्याचा पगार देऊन मोकळं केलं. "नोकरी कामाची होती ना, लतीफभाई?" ते म्हणाले. "तुम्ही स्वतः बघून गेलात. काम नाही तर पगार कसला?" नियम याच शब्दांत लतीफभाईंनीच सांगितला होता.

लतीफभाईंनी पुन्हा आठही कारभाऱ्यांना बोलावलं. पुढच्या चार सामन्यांच्या तिकिटांचे पैसे काशिनाथला द्यावेत, असं त्यांनी सुचवलं. शेवटी धर्मा उभा राहिला. त्या पकडीनंतर त्याने खेळणं सोडलं होतं, आणि चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, हा तरी पाठिंबा देईल.

"चाचा, माफ कराव. मना रातची झोप नाय. माज्या हातांनी त्याचा पाय गेला. मी माजं भात त्याच्या घरात टाकून आलो. पन संघांच्या पैशातून दिलं, तर ती खुराकीच झाली. मर्यादेच्या वर झाली. आज काशाला दिलं, उद्या शेठ दर गड्याचा पाय दुखतो म्हनून पन्नास रुपये दील. कोन थांबवनार? नियम तुमीच केलाव. त्यावर आमचं गाव उभं हाय."

नानूशेठ मान हलवत म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

तेवढ्यात दारात गलका झाला. काशिनाथची बायको सोनी बाजारात सुकी मासळी विकत बसायची. पाटी डोक्यावर घेऊनच ती आत शिरली. कुणीतरी म्हणालं, बाई, ही सभा आहे. तिने पाटी पेट्यांवर आदळली.

"तुमी काय ठरवताव ते आयकाला आलंय. दारातून सगळं आयकलं. तुमी खुराकी म्हंताव, हा शेठ नोकरी म्हंतो, चाचा मदत म्हंतो. आमाला भीक नको. लोक कोनाला बगाला यायचे? दोन आने देऊन या शेठला बगाला यायचे का? माज्या नवऱ्याच्या पायावर तिकिटं इकली तुमी. पाय व्हता तवा आठ रुपये, आनि मोडला तवा कायच नाय. यो कसला नियम, चाचा? तुमी सगळ्यांना बराबर करनारं मानूस. आमी कोनाच्या बराबर हाव, ते सांगा."

ती वाट बघत उभी राहिली. लतीफभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "धर्मा खरं बोलतोय. आणि ही खरं बोलतेय. दोघांचं खरं असेल तर चूक माझी. मी संघांचा आकडा ठरवला, वरचा. गड्याचा खालचा आकडा ठरवायचा राहून गेला."

त्यांनी तिथल्या तिथे नवा प्रस्ताव मांडला. तिकिटांच्या पैशांतला पहिला वाटा गड्यांचा. तो कुठल्याही शेठच्या हातून जाणार नाही, मर्यादेत धरायचा नाही, आणि त्यातून जखमी झालेल्याला घरी बसून मिळेल. उरेल ते संघांचं. मर्यादा राहील, पण वाचलेला पैसा मालकाच्या घरी जाणार नाही.

हात वर झाले. पाच बाजूने. धर्माचा हात सगळ्यात उशिरा गेला, पण गेला. नानूशेठ उठले, उपरणं झटकलं. "माझ्या संघाच्या जिवावर गर्दी होते, लतीफभाई. गड्यांचा वाटा मी ठरवीन. तुमची साखळी तुम्हाला लखलाभ." दोन कारभारी त्यांच्या मागोमाग गेले.

पुढच्या हंगामात नानूशेठनी बंदरावर स्वतःचे सामने भरवले. मोठी बक्षिसं, बॅन्ड, गॅसबत्त्या आणि गड्याला मागेल तो दाम. तळ्याकाठच्या मैदानावर पाच संघ उरले. तेही सुरुवातीलाच. महिना गेला नाही तोच जासईचे दोघे बंदरावर गेले. मुंबईच्या गिरण्या चांगल्या खेळाडूला नोकरी देऊ लागल्या होत्या, तिकडे आणखी काही गेले. त्यांना नावं कोण ठेवणार? लतीफभाईंनी तर ठेवली नाहीत. कुणी निरोप घ्यायला आला की ते त्याला सांगत, "आधी विचार, पाय मोडला तर काय. मग सही कर."

त्या एका हंगामात जो पहिला वाटा जमला तो सोनीने येऊन नेला. लतीफभाई घरी पोचवतो म्हणत होते. ती म्हणाली, "नको. ही त्याची कमाई हाय. मी मोजून नेईन." बाकड्यावर बसून तिने पैसे मोजले आणि पदरात बांधले. त्यानंतर साखळी बंद पडली. मैदानावर पुढे कचेरीची कसलीशी इमारत आली.

काशिनाथ मात्र लतीफभाईंशी बोलत नसे. ते दर शुक्रवारी नमाज झाल्यावर जासईला जात. तो उठून मागच्या दाराने बाहेर जाई. हे त्याच्या अंगणात बसत, सोनीने दिलेला चहा पीत, पोरांची विचारपूस करत आणि परत येत. मी एकदा म्हणालो, "लतीफभाई, झालं ते झालं. किती दिवस जाणार?"

"तो बोलेपर्यंत."

"आणि नाही बोलला तर?"

"तर जाईन आणि येईन. त्यात काय."

मग अचानक त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही गणितवाले. तो पहिला नियम चुकीचा होता का हो? रोडपालीची पोरं त्या वर्षी कशी खेळली, आठवतं ना? ते खोटं नव्हतं. नियम नसता तर ते झालं नसतं. पण नियम नसता तर काशाने पोती वाहिली नसती." त्यांनी दोन्ही तळहात समोर धरले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मी पाटीवर हजार गणितं सोडवून दाखवली आहेत. पण त्यांनी उत्तराची वाट न पाहताच तळहात मिटले.

पुढे माझी बदली अलिबागला झाली. फातिमाभाभी वारल्याचं कळलं तेव्हा जाऊन आलो. कारखाना पुतण्याकडे गेला होता. लतीफभाई बरेच वाळले होते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते उरणहून पनवेलला येताना. जासईच्या अलीकडे एस्टीचं इंजीन तापलं. कंडक्टर पाणी आणायला गेला आणि आम्ही उतारू पाय मोकळे करायला खाली उतरलो. दोन्ही बाजूंना मिठागरं, वाफ्यांत मीठ धरू लागलं होतं, डोळे दिपत होते. लांबवर बांधावरून दोन माणसं चालली होती. पुढचा एका पायाने झोके देत चालत होता. मागे दहा-बारा हात अंतर ठेवून लतीफभाई. ते अंतर ते कमी करत नव्हते आणि वाढूही देत नव्हते. दोघांत काही बोलणं चाललंय असं दिसलं नाही.

मी हाक मारणार होतो. पण एका ठिकाणी बांध फुटला होता, खालून खाडीचं पाणी वाहत होतं. काशिनाथने काठी टेकून ते ओलांडलं आणि तो पलीकडे थांबला. मागे वळून पाहिलं नाही. तोंड पुढेच होतं, समुद्राकडे. नुसता हात त्याने मागे केला. लतीफभाई काठावर येऊन जरा घोटाळले, मग त्यांनी तो हात धरला आणि पाय उचलून अलगद पलीकडे गेले. काशिनाथने हात सोडला आणि चालू लागला. लतीफभाई तिथेच उभे राहिले. पुन्हा तेवढंच अंतर पडेपर्यंत. मग तेही निघाले.

कंडक्टरने घंटी दिली. मी गाडीत चढलो.